सहावा दगड

आमच्या कॉलेजात कवायतीचं पथक निघालं तेव्हा शिवाजी पेठेतल्या आम्हा पोरांना त्याचं एकच आकर्षण होतं, ते म्हणजे बूट. पेठेत फुटबॉल अनवाणी खेळला जाई, आणि बूट घालून चालणारा माणूस म्हणजे एक तर फौजदार नाही तर लग्नातला नवरा. त्यामुळे नाव नोंदवायला झुंबड उडाली. बूट मिळाले आणि आठवड्याभरात निम्मी झुंबड टाचेला फोड येऊन घरी बसली. जे थोडे उरले त्यांत मी होतो आणि माझा मित्र होता.

मी राहिलो तो निव्वळ हट्टानं. वडील शाळामास्तर; ते म्हणाले होते, हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही. तेवढं मला पुरेसं होतं. मित्राचं तसं नव्हतं. त्याला खरंच फौजेत जायचं होतं, तेही अधिकारी होऊन. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती आणि पेठेतल्या पोरानं साहेब होण्यात आता अडचण कसली, असं त्याला वाटायचं. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. घरी आई आणि दोन म्हशी. आई म्हशी पिळायची आणि हा सायकलला किटल्या अडकवून दूध घालून यायचा, मग कॉलेज, मग मैदान. तालमीच्या फुटबॉल संघात तो गोलकीपर होता. "पायाकडं बघायचं न्हाय, मारणाऱ्याच्या खांद्याकडं बघायचं," म्हणायचा, "खांदा कवाच खोटं बोलत न्हाय." पेठ त्याच्या नजरेवर जीव टाकायची. लांबून येणारा माणूस कोण हे तो चालीवरून सांगायचा आणि आम्ही त्यावर चहाच्या पैजा लावायचो. मी नेहमी हरायचो.

पावसाळा सरल्यावर आमचं शिबिर गगनबावड्याला लागलं. पावसाळा सरला हे आपलं बोलण्यापुरतं. तिथं पाऊस गेला तरी त्याचं बिऱ्हाड जात नाही. अंथरुणं ओली, काड्यापेटी ओली, आणि सकाळी तंबूचा पडदा बाजूला केला की कोकणातून वर चढलेलं धुकं थेट तोंडावर. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसायची नाहीत. आजूबाजूच्या तीन-चार कॉलेजांची पोरं जमली होती. दहा दिवस कवायत, नेमबाजी आणि करपलेल्या चपात्या झाल्यावर शेवटच्या दिवशी नकाशा आणि होकायंत्राची रिले शर्यत ठेवली होती.

ही शर्यत कशी असे ते सांगतो. संघात चारजण आणि चौघांत मिळून एक पितळी होकायंत्र. आपली पाळी आली की कवायत शिकवणारा फौजेतला उस्ताद हातात चिठ्ठी देणार. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, की इथून इतक्या अंशांवर इतकी पावलं, तिथं दगड. त्या दगडापासून पुन्हा इतके अंश, इतकी पावलं, दुसरा दगड. आणि तसाच तिसरा. तिसऱ्या दगडापाशी पंच बसलेला. त्याची चिठ्ठीवर सही घ्यायची, धावत झेंड्यापाशी परत यायचं आणि होकायंत्र पुढच्याच्या हातात ठेवायचं. म्हणजे पायांबरोबर डोकंही धावलं पाहिजे. एक दगड चुकला की पुढचं सगळं चुकत जाणार, कारण प्रत्येक दगडापासून पुढची मोजणी सुरू. दुसऱ्याच्या चिठ्ठीत काय आहे हे कुणालाच माहीत नसे. तशी सक्त ताकीदच होती.

दगड चुन्यानं पांढरे केलेले. पण आमच्या उस्तादाचा चुना नऊ दगडांत संपला. उस्ताद मद्रासकडचा होता, देवभोळा नव्हता आणि त्याला मराठी येत नव्हतं. तो गगनबावड्याच्या बाजारात गेला आणि दुकानदाराकडे त्यानं दगड रंगवायला लाल रंग मागितला. दगडाला लावायचा लाल रंग म्हटल्यावर आमच्याकडचा दुकानदार दुसरं काय देणार? त्यानं शेंदूर दिला, वर तेलात कालवून लावा म्हणून हातवारे करून दाखवलं. अशा रीतीनं चौथ्या पाळीचे तिन्ही दगड शेंदराचे झाले. चौथ्या पाळीवाल्यांना उस्ताद म्हणत होता, "लाल पत्थर, समझा?" बाकीच्यांना सांगायचं त्याला कारण नव्हतं. मला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

माझी पाळी तिसरी होती आणि मित्राची चौथी. पहिल्या दोघांनी आम्हाला बरीच आघाडी दिली होती. माझे तिन्ही पांढरे दगड मला सापडले, पंचाची सही झाली आणि परत येताना मी वाट चुकलो. आघाडी आहे म्हणून होकायंत्रात न बघता अंदाजानं पळत सुटलो होतो, दुसरं काही नाही. धुक्यात एक पायवाट लागली. ती तंबूंकडेच जात असणार असं स्वतःला समजावून मी पळत होतो, तेवढ्यात बुटाला काहीतरी लागलं आणि मी तोंडघशी पडलो.

उठून बघतो तर दगड. नारळाहून थोडा मोठा, आणि सगळा शेंदरानं माखलेला. तेल अजून ओलं होतं.

आमच्या घरात पुस्तकाला पाय लागला तर उचलून कपाळाला लावायचं, धान्याला लागला तर लावायचं, फडताळातली जुनी पत्रं सुद्धा सुटायची नाहीत. ही सवय विचार करून येत नाही, ती हातातच असते. इथं तर मी देवाला लाथ मारली होती, तीही सरकारी बुटानं. मी मटकन खाली बसलो आणि दगडाला हात लावून कपाळाला लावला. मग वाटलं, देव असा वाटेच्या मधोमध कसा? गुरांनी ढकलला असेल, नाही तर एखाद्या वात्रट पोरानं आणून ठेवला असेल. धुकं जरा हललं आणि डाव्या हाताला जांभळाचं एक झाड दिसलं. त्याच्या बुंध्याशी ओळीनं पाच दगड मांडलेले, जुने, शेंदराची पुटं काळी पडलेले. सगळा उलगडा झाला. मी दगड दोन्ही हातांत घेतला, चाळीसएक पावलं चालत झाडापाशी नेला आणि त्या ओळीत कडेला नीट बसवला. हात जोडले. एवढं केलंच आहे तर म्हणून मागूनही घेतलं, की आम्हाला जिंकू दे.

मग पुढं पळालो. थोड्याच वेळात झेंडा दिसला. हात तेलानं बरबटले होते ते चड्डीला पुसले आणि होकायंत्र मित्राच्या हातात ठेवलं.

"कितीनं म्होरं हाय आपण?" त्यानं विचारलं.

"लई. सूट आता."

तो धुक्यात शिरला. त्याला दोन्ही पायांवर पळताना मी पाहिलं ते तेवढंच.

अर्धा तास झाला, पाऊण झाला. दुसऱ्या कॉलेजाचा चौथा गडी निघण्याच्या बेतात होता. पलीकडून तिसऱ्या लाल दगडावरच्या पंचाच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. कुणी येईना म्हणून तो शिट्टी वाजवत होता. उस्तादानं शर्यत थांबवली. आम्ही सगळे हाका मारत पसरलो. शेवटी कड्याच्या बाजूनं ओरडणं ऐकू आलं. बारीक आवाज, आणि खालून येणारा.

कडा तिथं सरळ तुटलेला नव्हता. कारवीचं रान काठापर्यंत आलेलं, त्यामुळे जमीन कुठं संपते ते धुक्यात कळायचंच नाही. होकायंत्रावर डोळे आणि ओठांवर पावलांचा आकडा, असा तो सरळ चालत गेला होता आणि पुढचं पाऊल रिकाम्यात पडलं होतं. वीसेक फूट खाली एका टप्प्यावर तो अडकला होता म्हणून वाचला. उजवा पाय गुडघ्यापासून भलतीकडेच वळलेला. दोर आणले, दोघं खाली उतरले. मी काठावर दोर धरून उभा होतो. वर सूर्य आला असावा, कारण धुकं पातळ झालं आणि सहज म्हणून मी मागं वळून पाहिलं. तिथून थेट ओळीत, नाकासमोर, जांभळाचं झाड होतं.

मला कुणी काही सांगावं लागलं नाही. लाल पत्थर, समझा, हे उस्तादाचं बोलणं सकाळी माझ्या कानांवर पडलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. आता लागला. वाटेवरच्या दगडापासून निघाला असता तर तो कड्याला समांतर, सुखरूप गेला असता. मी दगड चाळीस पावलं कड्याकडे सरकवला होता, आणि पुढं कडा आत वळत होता.

पुढं मी जे केलं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. सगळे काठावर वाकले होते. मी दोर दुसऱ्याच्या हातात दिला, लघवीला जातो म्हणालो आणि झाडापाशी गेलो. सहा दगड होते. कडेचा सहावा ताजा, लालभडक, आणि त्याच्यावर पिवळं सोनकीचं फूल होतं. मधल्या वेळात गवताला निघालेली कुणी बाई तिथून गेली असणार, नवा देव बघून थांबली असणार. मी ते फूल उचलून फेकून दिलं. दगड पोटाशी धरला, पळत वाटेवर गेलो आणि जिथं गवत दबून पांढुरकं झालं होतं त्या खळग्यात तो ठेवून दिला. बरोबर बसला. या वेळी मी हात जोडले नाहीत. ओढ्यावर जाऊन वाळूनं हात घासले, पण शेंदूर नखांत राहिला तो राहिलाच.

भीती होती, दुसरं काही नव्हतं. भीती कसली हेही धड माहीत नव्हतं. उस्तादाची, साहेबांची, वडिलांची, त्याच्या आईची.

दुपारी कॅप्टनसाहेब, म्हणजे आमचेच गणिताचे प्राध्यापक, उस्तादाला घेऊन जागेवर गेले. वाटेवरच्या दगडापासून, म्हणजे चौथ्या पाळीच्या दुसऱ्या दगडापासून, अंश लावून पावलं मोजली तर ती तिसऱ्या दगडावर बिनचूक पोचली. मित्राला स्ट्रेचरवर ठेवलं होतं, गाडी यायची होती. साहेबांनी त्याला मायेनंच विचारलं, की बाबा, तू निघालास कुठून? तो शुद्धीवर होता. वेदनेनं दात आवळून म्हणाला, "झाडाखालनं, सर. पावलं संपली तिथं दगड न्हवता, हुडकला तर लाल दगड झाडाखाली हुता."

"अरे, ते गावातले देव आहेत. त्यांतलाच एखादा तू खूण समजलास."

"न्हाय सर. पाच जुनं हुतं. सहावा ताजा. त्येच्यावर पिवळं फूल बी हुतं."

साहेबांनी उस्तादाकडे पाहिलं. उस्ताद पुन्हा झाडापाशी जाऊन आला आणि त्यानं हाताची पाच बोटं दाखवली. आमच्या दगडावर फूल कोण घालेल, असं कुणीतरी म्हणालं आणि एकदोघं हसले. मी त्या घोळक्यात दुसऱ्या रांगेत उभा होतो. मित्र मान वळवून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. माझ्याकडे बघितलं तेव्हा मी खाली बघितलं.

त्याचा पाय वाचला, गुडघा वाचला नाही. सरकारी दवाखान्यात तो तीन महिने होता आणि घरी आला तो काठी घेऊन. फौज गेली, गोल गेला. तरी हे सगळं त्यानं मर्दासारखं सोसलं. गडी हसत होता, भेटायला येणाऱ्यांना उलटा तोच धीर देत होता. पण दवाखान्यात एकदा आम्ही दोघंच असताना त्यानं मला विचारलं, "खरं सांग, तुला काय वाटतंय? मी सहा बघितलं त्ये न्हवतंच व्हय?"

सांगायची वेळ होती ती. तोंडाशी आलेलंही होतं. मी म्हणालो, "धुकं होतं रे. धुक्यात असं होतं."

त्यानं मान डोलावली. मला वाटतं, त्याचा गुडघा कड्यावर मोडला असेल, पण तो स्वतः मोडला तो या वाक्यानं.

पेठेत तोवर बोलणं पसरलं होतं, की याला चकवा लागला. रानात माणसाला वाट विसरायला लावणारं ते भूत, नसलेलं दाखवतं आणि असलेलं लपवतं. त्याच्या आईनं तर ते लगेच धरलं. बिचारीला त्यात आधार होता. चकव्यानं नेलं म्हटलं की पोराची चूक उरत नव्हती. ती अमावास्येला नारळ-लिंबू उतरून टाकायची. तो सहाव्या दगडाचं बोलायला लागला की त्याचं तोंड दाबायची, "न्हवता त्यो दगुड, बाळा. तुला दावला त्येनं. इसर आता." चकवा-बिकवा काही नसतं, असं तो मला म्हणायचा. त्याचा त्यावर विश्वास नव्हता आणि हेच वाईट होतं. चकवा नाही म्हटल्यावर मग त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांनी त्याला दगा दिला होता.

हळूहळू ते सुरू झालं. रंकाळ्याच्या काठानं आम्ही संध्याकाळी फिरायला जायचो, त्याच्या काठीच्या चालीनं. तो मध्येच थांबून पाण्याकडे बोट करायचा. "तिथं नाव हाय न्हवं?"

"आहे की."

"दोन माणसं?"

"दोन."

"बरं," असं म्हणून चालू लागायचा. आधी मला ती गंमत वाटली. मग कळलं की हा रोज विचारतो आणि मलाच विचारतो. घराला कुलूप लावलं की विचारायचा, लागलंय न्हवं. परीक्षेत पेपर हातात आला तर प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत बसला आणि कोरी वही देऊन आला. प्रश्न तेच आहेत ना, हे विचारायला शेजारी मी नव्हतो. जो गडी खांद्यावरून चेंडू ओळखायचा तो आता समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला तो जवळ येईपर्यंत हाक मारायचा नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "सारखं सारखं मला काय विचारतोस?" तर म्हणाला, "तू खरं सांगतोस म्हणून." वर हसला. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. उपाशी राहून काय होतं? दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलोच.

मी त्याला का सोडलं नाही, असं तुम्ही विचाराल. प्रायश्चित्त म्हणून गेलो असं म्हणणं सोयीचं आहे. खरं म्हणजे मी पहारा देत होतो. त्याला कधी काही आठवेल का, कुणी काही बोलेल का, यावर माझं लक्ष असायचं. थंडीत रंकाळ्यावर धुकं उतरलं की मी काहीतरी सबब काढून घरी बसायचो. रस्त्याकडेला शेंदराचे दगड दिसले की मोजायचो. एखादी ओळ पाचाची निघाली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. मी शाळेत मास्तर झालो, माझं लग्न झालं, बायकोला वाटायचं, ह्यांना दैवताचं वेड आहे.

सात वर्षं गेली. त्याच्या मामाची गुळाच्या अडतीत ओळख होती. तिथं त्याला कामाला लावून दिलं. गुळाची ढेप फोडायची, रंग बघायचा, कण बघायचा आणि कुठल्या प्रतीचा माल ते सांगायचं. निव्वळ नजरेचं काम. त्याची नजर मुळात सोन्यासारखी, त्यामुळे तो सांगायचा ते बरोबरच असायचं, पण सांगून झालं की तो तुकडा हातात घेऊन शेजारच्याकडे जायचा, मग त्याच्या शेजारच्याकडे. व्यापारी आधी हसले, मग वैतागले. मामानं एकदा चारचौघांत झापलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी त्याच्या घरी गेलो तेव्हा तो सोप्यात पाय लांब करून बसला होता. आई मागं गोठ्यात होती. म्हशीच्या घागरमाळेचा आवाज येत होता. तो अगदी शांतपणे म्हणाला, "उद्यापास्नं जाणार न्हाय."

"का? मामा बोलला म्हणून?"

"मामाचं काय न्हाय. काल एक ढेप फोडली. पिवळी धमक हुती. मी म्हटलं पयली प्रत. आन् मग वाटलं, ही खरंच पिवळी हाय, का मलाच दिसाय लागलीया? घाम फुटला बघ. लोकांच्या वरसभराच्या घामाचा निकाल माझ्या डोळ्यावर कसा लावू? जो माणूस नसलेला दगुड बघतोय..." तो थांबला. "आईला बी सांगितलंय, पोरीबिरी बघू नको. उद्या घरात आणल्याली बायको तरी हाय का न्हाय कुणाला इचारू? तुला?"

हे तो विनोदानं म्हणाला. मी हसलो नाही. माझ्या तोंडून शब्द बाहेर आले ते मी आणले नव्हते, ते आपणहून आले.

"सहा होते," मी म्हणालो.

"काय?"

"दगड. सहाच होते. सहावा मी नेऊन ठेवला होता. वाटेत पायाला लागला, देव समजून झाडाखाली ठेवला. आणि तुला वर काढत होते तेव्हा मीच परत वाटेवर नेला."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी तयार होतो. काठी उचलून त्यानं माझं डोकं फोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मनापासून सांगतो.

"फूल?" त्यानं विचारलं.

"होतं. पिवळं. सोनकीचं. मी फेकलं ते."

"पिवळं," तो म्हणाला. आणि हसायला लागला. आधी हळू, मग पोटातून, मांडीवर थापा मारत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याला राग आलाच नाही. पायाचं, फौजेचं, सात वर्षांचं काहीही त्याच्या ध्यानात नव्हतं. "आयला! म्हंजे मी बरोबर हुतो की! पाच जुनं, सहावा ताजा, वर पिवळं फूल! सगळं बरोबर की रं!" तो भिंतीला धरून उठला आणि गोठ्याकडे तोंड करून ओरडला, "आई! ए आई! भाईर ये! सहाच हुते! ह्यानं बघितल्यात! ह्यानंच ठेवलता सहावा!"

आई आली. म्हशींचं पेंड-भुशाचं आंबोण कालवताना उठली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत भिजलेले. तो तिला भराभर सांगत होता, मध्येच हसत होता, वाट कुठं आणि झाड कुठं ते काठीनं जमिनीवर दाखवत होता. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. मी उठून उभा राहिलो.

"सात वरसं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सात वरसं मी ह्येला सांगतीया, तुला दिसलं त्ये न्हवतंच म्हणून. माझ्याच तोंडानं वदवून घेटलंस की रं."

"आई, सोड की," तो म्हणाला, "सांगितलं की त्येनं आता."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आंबोणानं भरलेला हात तसाच त्याच्या तोंडावरून फिरवला. त्याच्या गालाला भुसा लागला.

"चुकलं रं माझं, बाळा," ती म्हणाली. "सहाच हुते."

'चुकलं' हा शब्द त्या घरात मी अजून उच्चारला नव्हता. तिनं उच्चारल्यावर मला तो उच्चारता येईना. मी तसाच खाली वाकून माझ्या चपला शोधू लागलो.